दंड लिहिण्याआधी एकदा मजुरी विचारा : न्यायदंडाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व न्यायदंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीश

विषय : दंडाची व जामिनाची रक्कम ठरवताना आरोपीची कमाई विचारण्याबाबत

महोदय, महोदया,

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या न्यायालयात मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि नाझर, म्हणजे कोर्टातला पैसा-हिशोब सांभाळणारा अधिकारी, म्हणून निवृत्त झालो. मधली बरीच वर्षं फौजदारीच्या दंडाचे पैसे मोजून घेणं आणि पावती फाडणं हे माझं काम होतं. आपण आसनावर बसून आकडा लिहिता. तो आकडा कुणाच्या कमरेच्या पिशवीतून, कुणाच्या पदराच्या गाठीतून कसा निघतो हे आपल्याला दिसत नाही, कारण तोवर पुढची केस पुकारलेली असते. मला ते रोज दिसायचं. म्हणून हे पत्र लिहितो आहे.

एका दुपारचं सांगतो. दिवाळी नुकतीच झाली होती आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात होत्या. हातभट्टीच्या केसमध्ये एकानं गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली : कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दोन हजार रुपये दंड, न भरल्यास पंधरा दिवस साधी कैद. पावणेपाचच्या सुमाराला त्याची बायको माझ्या खिडकीशी आली. दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या नोटा, घामानं मऊ झालेल्या. मोजल्या, दीड हजार भरले. मी म्हणालो, "पाचशे कमी आहेत." ती म्हणाली, "बाकीचे गावाकडून आणते, पर आता एस्टी न्हाई." मग जरा थांबून तिनं विचारलं, "सायेब, एवढे घ्या की. एवढ्यात किती दिस कमी व्हतील?"

मी म्हणालो, "असं नसतं बाई. पूर्ण भरावे लागतात."

तिनं नोटा पुन्हा पदराला बांधल्या. नवरा संध्याकाळच्या गाडीनं जिल्ह्याच्या कारागृहात गेला. सहाव्या दिवशी टोळी कारखान्याकडे निघाली. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटीला कोणी नेत नाही. मुकादमानं त्यांच्या जागी दुसरा कोयता घेतला आणि आधी घेतलेली उचल यांच्या अंगावर तशीच राहिली, व्याजासकट. हे मला पुढच्या वर्षी कळलं, तोच माणूस दुसऱ्या कामासाठी कोर्टात आला तेव्हा. त्यानं मला दोष दिला नाही. खिडकीमागचा माणूस आपल्याला चुकीचं सांगू शकतो, हे त्याच्या मनातही आलं नसावं.

मी चुकीचं सांगितलं होतं. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसा जुना कायदा सावकाश वाचत गेलो. भारतीय दंड संहितेचं कलम ६९ : दंड न भरल्याबद्दलची कैद चालू असताना दंडाचा काही भाग भरला, तर उरलेल्या रकमेच्या प्रमाणात जेवढे दिवस होतात तेवढेच भोगायचे, ते भोगून झाले की माणूस सुटला. कायद्यात उदाहरणसुद्धा दिलं होतं. शंभर रुपये दंड, न भरल्यास चार महिने कैद. पंच्याहत्तर रुपये भरले तर पहिला महिना संपताच सोडा. १८६० सालापासून छापलेलं उदाहरण. त्या बाईच्या हातातले पैसेही बरोबर तेवढेच होते, चारातले तीन भाग. ते घेतले असते, तर नवरा पंधराऐवजी चौथ्या दिवशी बाहेर आला असता आणि सहाव्या दिवशी दोघं टोळीबरोबर गाडीत बसले असते. अंगठा उठवणाऱ्या त्या बाईनं आपल्या अकलेनं कायदाच विचारला होता. नव्या भारतीय न्याय संहितेत ही तरतूद कलम ८ मध्ये आली आहे. तरी शिक्षा झालेल्या माणसाला हे मोठ्यानं सांगितल्याचं मी माझ्या सगळ्या नोकरीत एकदाही ऐकलं नाही. वकील बोलत नाही, कारण बहुतेकांना वकील नसतो. कारकून बोलत नाही, कारण त्यालाच माहीत नसतं. राहिले आपण.

आपल्या निवाड्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. गुन्हा झाला असेल तर शिक्षा हवी. पण दंडाची शिक्षा आणि कैदेची शिक्षा यांत कायद्यानं फरक केला आहे. ज्याला आपण दंड पुरेसा समजलात, तो कैदेत जावा असं आपल्यालाही वाटत नव्हतं. तो गेला, कारण आकडा त्याच्या कमाईच्या बाहेरचा होता आणि कमाई कोणी विचारली नव्हती. नाव, वय, धंदा, पत्ता हे आपण विचारता. धंद्यापुढे 'मजुरी' असं लिहिलेलं मी हजारो वेळा पाहिलं. मजुरी किती, हे कधी लिहिलेलं पाहिलं नाही.

पाच हजार रुपये धरू. माझ्यासारख्या पगारदार माणसाला तो महिना कडकीचा जाईल, एवढंच. २०२४ च्या जानेवारीत ऊसतोडीचा दर वाढून टनाला ३६६ रुपये झाला. त्या वाढीव दरानं पाच हजार म्हणजे जवळजवळ चौदा टन ऊस : तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीत भरायचा, तोही दोन माणसांनी मिळून. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर रोजाला ३१२ रुपये होता. त्या हिशोबानं पाच हजार म्हणजे सोळा दिवस, तेही काम सलग मिळालं आणि त्या सोळा दिवसांत घरात कोणी काही खाल्लं नाही तर. बांधकामावरचा बिगारी, हॉटेलात कपबश्या धुणारा, लोकलमध्ये टिकल्या-पिना विकणारी बाई, यांचा हिशोब आपण स्वतः मांडून बघावा. फिनलंडमध्ये १९२१ पासून दंड दिवसांत ठरवतात : गुन्ह्याला साजेसे इतके दिवस, आणि एका दिवसाचे पैसे त्या माणसाच्या कमाईवरून. जर्मनीतही तसं चालतं. आपल्याकडे कायदा तसा नाही, पण न्यायाधीशाचं पेन तसं चालायला कायद्यानं मनाई केलेली नाही. उलट जिथे कमाल दंड लिहिलेला नाही, तिथेही तो अवाजवी नसावा असं संहितेचं स्पष्ट वचन आहे. अवाजवी कुणाला, हे आरोपीकडे पाहिल्याशिवाय कसं ठरणार?

लोक दंड कुठून भरतात तेही सांगतो. मुकादमाकडून वाढीव उचल घेऊन, म्हणजे पुढच्या हंगामाचं अंग आधीच विकून. बाजाराच्या दिवशी शेळी विकून. डोरलं गहाण ठेवून. अलीकडे मायक्रोफायनान्सच्या गटाचा हप्ता थकवून, आणि मग वसुलीवाला दारात बसतो. सरकारच्या तिजोरीत दोन हजार जमा होतात तेव्हा त्या घरातून तीन-साडेतीन हजार गेलेले असतात.

आणि हे दंडाचंच झालं. त्याच्या आधी तारखा असतात. प्रत्येक तारखेला एक रोज बुडतो, एस्टीचं तिकीट, दुपारचा वडापाव. साहेब रजेवर असले की पुढची तारीख. पंच आले नाहीत की पुढची तारीख. चौथ्या-पाचव्या तारखेला माणूस म्हणतो, "एकदाचं मिटवून टाका." जुगाराच्या, दारूबंदीच्या, ११०-११७ च्या (पोलीस कायद्यातल्या, सार्वजनिक ठिकाणच्या गैरवर्तनाच्या) केसेसमध्ये कठड्यात उभं राहून 'कबूल आहे' म्हणणारे सगळे गुन्हेगार होते असं मला वाटत नाही. काहींनी फक्त गणित केलं होतं : दंड हजार, आणि लढायचं तर तारखांचेच तीन हजार. पुढे तोच माणूस शहरात वॉचमनच्या नोकरीला गेला की चारित्र्य पडताळणीत ती दोषसिद्धी वर येते आणि नोकरी जाते. कबुलीजबाब लिहून घेताना 'याचा परिणाम तुला समजला का' असं आपण विचारता. समजला नसतो. तो होय म्हणतो, कारण त्याला घरी जायचं असतं.

दंडाच्या हप्त्यांबद्दल थोडं लिहितो, कारण आपल्या हातातलं सगळ्यात सोपं साधन हेच आहे आणि ते गंजून पडलं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४६४, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४२४. फक्त दंडाची शिक्षा असेल आणि दंड लगेच भरता येत नसेल, तर तीस दिवसांची मुदत देता येते किंवा दोन-तीन हप्ते पाडून देता येतात. बंधपत्र घ्यायचं आणि माणसाला घरी पाठवायचं. माझ्या नोकरीतले असे आदेश हाताच्या बोटांवर मोजता येतील. इथे एक गोष्ट मला फार दिवस खुपते आहे. कलमाचे शब्द 'फक्त दंड' असे आहेत. आपण सवयीनं 'कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड' असं लिहिता. कोर्ट उठेपर्यंतची कैद ही दयाबुद्धीनं दिलेली शिक्षा आहे, मला कळतं. पण ती जोडली की शब्दावर बोट ठेवून वाचणाऱ्याला हप्त्यांचं दार बंद दिसतं. संध्याकाळपर्यंत बाकावर बसवण्यासाठी आपण त्याची तीन महिन्यांची सवलत काढून घेत असतो. जिथे नुसता दंड देता येतो, तिथे नुसता दंडच लिहावा.

नव्या न्याय संहितेनं एक गोष्ट बरी केली आणि एक कडक केली. ज्या गुन्ह्याला फक्त दंडच आहे, तिथे तो न भरल्यास किती कैद द्यायची याचे जुने टप्पे पन्नास रुपये आणि शंभर रुपये असे होते. १८६० चे आकडे, १ जुलै २०२४ ला नवा कायदा लागू होईपर्यंत तसेच. आता पाच हजारांपर्यंत दोन महिने आणि दहा हजारांपर्यंत चार महिने अशी कमाल मर्यादा आहे. हे चांगलं झालं. पण दहा हजारांच्या वर गेलं की पूर्वी सहा महिन्यांची मर्यादा होती, ती आता एक वर्ष झाली आहे. म्हणजे मोठा आकडा लिहिताना हात पूर्वीपेक्षा जास्त थरथरायला हवा. सामुदायिक सेवाही शिक्षेच्या यादीत पहिल्यांदाच आली. पाच हजारांच्या आतली चोरी, पहिलाच गुन्हा आणि माल किंवा किंमत परत केली, तर सामुदायिक सेवा. शाळेचं आवार झाडणं, सरकारी दवाखान्यात पाणी भरणं, हे मजुराला जमतं. त्याच्याकडे पैसा नसतो, पण हात असतात.

सर्वोच्च न्यायालयानं शांतिलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या २००७ च्या निकालात सांगितलं आहे की दंड न भरल्याबद्दलची कैद ही मूळ शिक्षा नव्हे, ते न भरण्याचं प्रायश्चित्त आहे, आणि ती ठरवताना आरोपीची परिस्थिती पाहिली पाहिजे. त्या खटल्यात तीन वर्षांची अशी कैद सहा महिन्यांवर आणली गेली. मग पंधरा दिवसांच्या कैदेलाही तोच विचार लागू नको का?

जामिनाचं दुखणं दंडापेक्षा जुनं आणि जास्त खोल आहे. तिथे तर गुन्हा सिद्धही झालेला नसतो.

आमच्या कोर्टात एक पारधी पोरगा होता. चोरीचा संशय. पंधरा हजारांचा जामीन आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, असा आदेश झाला. त्याच्या आईनं आदेशाची नक्कल छातीशी धरून मला विचारलं, "सोडला का?" मी म्हणालो, "जामीनदार आणा." जामीनदार म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा आहे, ज्याला तहसीलमधून ऐपतीचा दाखला मिळतो असा माणूस. त्यांच्या पालावर कुणाच्याच नावावर गुंठाभर जमीन नव्हती. गावातला शेतकरी पारध्यासाठी सातबारा काढून देईल? १८७१ च्या कायद्यानं ज्यांना जन्मानं गुन्हेगार ठरवलं आणि १९५२ साली तो शिक्का काढला, त्यांच्याबद्दलचा गावाचा संशय मात्र निघालेला नाही. कोर्टाच्या बाहेर चहाच्या टपरीवर पैसे घेऊन जामीन राहणारे बसतात. आपल्यालाही ते चेहऱ्यानं माहीत असतील, कारण तीच माणसं वेगवेगळ्या आरोपींसाठी पुन्हा पुन्हा आपल्यासमोर येतात. त्यांनी सांगितलेली रक्कम तिच्याकडे नव्हती. आदेश झाल्यानंतर पोरगा सात महिने आत होता. प्रत्येक तारखेला ती पोलिसांच्या गाडीजवळ थांबायची, खिडकीच्या जाळीतून बोट धरायची.

हे होऊ नये यासाठी कायद्यात काय नाही? १९७८ साली मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा खटला न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्यापुढे आला. मोतीराम गवंडी होता. दहा हजारांचा जामीनदार मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याचा जामीन नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयानं एक हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्याच बंधपत्रावर, त्याला सोडायला सांगितलं. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून खटल्यात बिहारच्या तुरुंगांत सडणाऱ्या कच्च्या कैद्यांचं, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेल्या कैद्यांचं, चित्र देशापुढे आलं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८४ सांगतं, बंधपत्राची रक्कम जास्त नसावी. जामीनपात्र गुन्ह्यात कलम ४७८ त्याहून पुढे जातं : अटकेपासून आठवड्याभरात जामीनदार देता आला नाही, तर तो माणूस गरीब आहे असं मानायला तेवढंच पुरेसं आहे आणि त्याला जातमुचलक्यावर सोडायचं आहे. 'सोडता येईल' नाही, सोडायचं आहे. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सांगितलं : जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावं, महिनाभरात बंधपत्र भरलं गेलं नाही तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं, स्थानिकच जामीनदार हवा ही अट कैदी अडकण्याचं एक कारण आहे, ती घालू नये. तरीही आजच्या आदेशांत 'स्थानिक सक्षम जामीनदार' हे शब्द मला दिसतात. जुना नमुना संगणकात असतो, टंकलेखक तोच उघडतो, आणि आपण खाली सही करता.

२०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती, म्हणजे चारातली तीन. सगळ्यांना जामीन मंजूर झाला होता असं नाही. पण ज्यांना झाला आणि पैशावाचून जे आत राहिले, त्यांना तिथे एका दिवसासाठीही ठेवायचं आपल्या मनात नव्हतं. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी लिहिलेलं भाषण बाजूला ठेवून हिंदीत अशा कैद्यांबद्दल सांगितलं. पुढे २०२३ मध्ये केंद्रानं गरीब कैद्यांसाठी मदतीची योजना आणली : कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी तेव्हा चाळीस हजारांपर्यंत, शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी पंचवीस हजारांपर्यंत. जिल्ह्याच्या समितीत जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि आपल्यापैकीच एक न्यायाधीश असतात. चांगली योजना आहे. पण कैद्याचं नाव त्या समितीपर्यंत जायला कुणीतरी ते कागदावर लिहावं लागतं. आदेशाच्या शेवटी 'आरोपी रक्कम भरू न शकल्यास सदर आदेशाची प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवावी' एवढी एक ओळ आपण घातली, तर त्या पोराच्या आईला माझ्यासारख्या माणसाकडून अर्धवट माहिती घ्यावी लागणार नाही.

म्हणून मागणं एवढंच. आकडा लिहिण्याआधी आरोपीला विचारा, दिवसाला किती मिळतात, महिन्यात किती दिवस काम असतं, घरात खाणारी तोंडं किती. ते उत्तर रोजनाम्यात लिहा, म्हणजे वरच्या कोर्टालाही दिसेल. दंड लगेच भरता येत नसेल तर हप्ते मिळू शकतात हे आपल्या तोंडानं, त्याला कळेल अशा मराठीत सांगा. थोडे पैसे आणले असतील तर ते घेऊन वॉरंटवर तसं लिहायला आपल्या कर्मचाऱ्यांना सांगा, आणि दंडाच्या खिडकीवर तशी पाटी लावा. नाझर आपलं ऐकतो. माझ्या साहेबांनी मला एकदा सांगितलं असतं, तर मी जन्मभर तसंच केलं असतं.

आता मी आठवड्यातून दोन दिवस कोर्टाच्या समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो. फी घेत नाही. हप्त्यांसाठीचा, जातमुचलक्यासाठीचा अर्ज लिहून देतो. अर्धं पान असतं : रोजची मजुरी, कामाचे दिवस, घरातली माणसं, हातात आज असलेली रक्कम, आणि उरलेली भरण्याच्या तीन तारखा, बहुतेक बाजाराच्या दुसऱ्या दिवशीच्या. तो कागद आपल्या टेबलावर आला तर कृपया वाचावा. तारखा त्या माणसानं स्वतः ठरवलेल्या आहेत. मी फक्त लिहिल्या आहेत.

आपला,
एक निवृत्त नाझर